उलटी अक्षरं

साकोली, मंगळवार

प्रिय दादा,
तुला आणि वहिनींना नमस्कार. हे बरे आहेत, दोन्ही वेळ नीट जेवतात.

यांच्या उशाशी घंटी हवी, म्हणून काल मीच सर्किट बोर्ड केला. लेझर प्रिंटरवर सर्किटचं चित्र अक्षरांसकट छापलं, तांब्याच्या पाटीवर कागद पालथा ठेवून इस्त्री फिरवली, कॉन्व्हेंटात सिस्टरांनी शिकवली होती तशी सावकाश. कागद भिजवून सोडवला, तर पाटीवर सगळी अक्षरं उलटी! आरशातल्यासारखं छापायचं विसरले.

जन्मभर दुकानात असेच सर्किट बोर्ड करणाऱ्या यांच्या हातात मुद्दाम तसाच दिला. म्हटलं, आता तरी रागावतील.

"बेस झाला," म्हणाले. "तुमाले कोनं शिकवलं, बाई?"

दादा, यांनीच शिकवलं होतं रे.

वहिनींचे गुडघे कसे आहेत? जमलं तर लवकर ये. तुला तरी ओळखतील.

तुझी धाकटी,
ज्योत्स्ना