आधीच्या बाईंची उत्तरं

सोमवार, ३
लागली बाई एकदाची नोकरी! मी आणि ठमी, घरात दोघीच, पण लेकीनं आनंदानं घर डोक्यावर घेतलं.

मानसशास्त्राची संस्था, तिसरा मजला, खिडकीजवळचं टेबल. लोकांनी भरलेल्या प्रश्नावल्या तपासायच्या. एकशेवीस वाक्यं, प्रत्येकापुढे एक ते पाच आकडा. इथली एक रीत आहे. या टेबलावरच्या बाईनं रोज स्वतःही एक प्रश्नावली भरायची आणि बाकीच्यांची उत्तरं तिच्याशी ताडून बघायची. म्हणजे मी मोजपट्टी! 'मला चटकन राग येतो' याला मी बेधडक पाच दिले. राग माझ्या नाकावरच असतो, त्यात लपवायचं काय? आमच्या प्रमुख, मोठ्या बाई, हसल्या. म्हणाल्या, माणसात रोज जे तसंच राहतं, त्याला व्यक्तिमत्त्व म्हणतात.

बुधवार, ५
माझे आकडे या टेबलावरच्या आधीच्या बाईंच्या आकड्यांशी जुळत नाहीत. सगळे त्यांना 'आधीच्या बाई'च म्हणतात. नाव कुणाला आठवत नाही, कुठे गेल्या तेही नाही. मोठ्या बाईंचं म्हणणं, मोजपट्टी बदलली तर वीस वर्षांचं काम पाण्यात. जुळेपर्यंत पुन्हा भरायचं. चार वेळा भरली. डोकं असं फिरलं! पण ठमीला माझ्याशिवाय आहे कोण? पाचव्यांदा भरायला घेतली.

बुधवार, १२
फक्त अकरा चुका. युक्ती सापडली. खोटं लिहायचं नाही. आधीच्या बाईंना जे वाटलं असतं, ते क्षणभर स्वतःला वाटू द्यायचं. जमतं की!

घरी ठमीनं नव्या चादरीवर शाई सांडली. मी फडकं आणून पुसली. ती माझ्याकडे बघतच राहिली.

मंगळवार, १८
तीन चुका. ठमीनं माझा आवडता कप मुद्दाम फोडला. म्हणाली, आई, एकदा तरी ओरड ना. ओरडायचं होतं मला. नाकावरचा राग काही सापडेना. भीती वाटली. तीही थोडीच.

सोमवार, २४
एकच चूक उरली. साठावं वाक्य: 'माझ्यावाचून कुणाचं तरी अडतं.' मी पाच लिहिते, आधीच्या बाईंचा एक. हा आकडा मी देणार नाही. काही झालं तरी नाही. मोठ्या बाई म्हणाल्या, होईल सावकाश.

बुधवार, २६
पाचच लिहिला. पण पाच का — ते आठवायला पर्समधून ठमीचा फोटो काढून बघावा लागला. ठमी, मी तुला —

गुरुवार, २७
सगळं जुळलं. मोठ्या बाईंनी पाठ थोपटली. बरं वाटलं असावं.

शुक्रवार, २८
घरी आले तर दारात एक मुलगी. खांद्यावर दप्तर. माझ्याकडेच बघून रडत होती, माझी आई कुठे गेली म्हणून. आत घेतलं. पाणी दिलं. समजावून सांगितलं की त्या आधीच्या बाई, नाव आता आठवत नाही, आणि कुठे गेल्या ते —