खुर्ची आज देऊ नकोस

आई,

मी निघाले, पोहे झाकून ठेवलेत. आधी एक ऐक. लिंबाच्या झाडावर काही फवारू नकोस. काल तू कडुलिंबाचं पाणी करून ठेवलं होतंस, ते मी ओतून दिलं. संध्याकाळी काय ओरडायचं ते ओरड.

पानं खाणाऱ्या त्या हिरव्या अळ्यांचीच फुलपाखरं होतात गं. बाबांनी ते झाड लिंबांसाठी आणलंच नव्हतं. नर्सरीत मी सोबत होते. ‘अळ्यांना आवडेल असं काहीतरी द्या,’ म्हणाले, तर नर्सरीवाला त्यांच्याकडे बघतच राहिला. तुला मात्र लोणच्याची लालूच दाखवली, नाहीतर तू कुंडी घरात येऊ दिली असतीस का? एकही लिंबू धरलं नाही म्हणून तू त्यांना किती छळलंस, आणि ते आपले हसत बसायचे.

रविवारी जाऊन कढीपत्ता आणि एक्झोरा आणू. अळ्यांना पानं, फुलपाखरांना मध. गुलाब-बिलाब राहू दे.

आणि भंगारवाला बाबांची खुर्ची न्यायला येईल, त्याला परत पाठव. तूच बोलावलंयस, ठाऊक आहे मला. का, ते विचारत नाही. पण एक अळी कुंडीतून उतरून खुर्चीच्या हाताखाली कोष करून बसलीय. फुलपाखरू बाहेर पडेपर्यंत खुर्ची हलवायची नाही.

बाबा गेल्यापासून तू गॅलरीत बसली नाहीस. आज चहा घेऊन जा. खुर्चीशेजारचं तुझं स्टूल मी पुसून ठेवलंय.

रेवती