जिभेचा उपवास

बुधवार, १४ फेब्रुवारी २०२४

राखेचा बुधवार, म्हणजे ईस्टरआधीच्या चाळीस दिवसांच्या उपवासाचा पहिला दिवस, आणि व्हॅलेंटाइनचा दिवस एकत्र! अख्ख्या कॉलेजात पोरं कपाळाला राख आणि हातात गुलाब घेऊन फिरतायत. पश्चात्ताप आणि प्रेमपत्र एकाच खिशात.

दुपारच्या मिस्साला, चर्चच्या प्रार्थनेला, गेले. फादर क्लीटस राख लावता लावता पुटपुटले, "या उपवासात काय सोडणार?"

म्हटलं, चॉकलेट.

"लोरेटा, तुला चॉकलेट आवडतच नाही. तीस वर्षं बघतोय मी. जीभ सोड."

मागे रांग खोळंबलेली. मी फणकाऱ्यानं म्हणाले, "सोडली!" म्हणजे आता ईस्टरपर्यंत टोमणे बंद, नावं ठेवणं बंद, नकला बंद. रागाच्या भरात घेतलेलं व्रत देवाकडे धरतात की नाही, कोण जाणे. पण हाताबद्दल काही ठरलेलं नाही. तेव्हा जे तोंडाला मना ते इथे.

गुरुवार, १५ फेब्रुवारी

व्रताला एक दिवस झाला नाही तोच डीन हॉलोवे यांची कृपा! सगळ्या प्राध्यापकांना मेल. सेंट विलिब्रॉर्ड कॉलेजातली आमची संगणकशास्त्राची पदवी बंद करायची आणि तिच्या जागी उभारायचं — बसा नीट — "डिजिटल विवेक केंद्र". प्रोग्राम आता यंत्रंच लिहितात म्हणे. आपल्या मुलांनी त्यांकडे विवेकानं पाहायचं. म्हणजे काय करायचं ते मेलमध्ये नाही. भुवया किती वर न्यायच्या, तेही नाही.

हा माणूस इथे यायच्या आधी हॉटेलांना सल्ले द्यायचा. अजूनही विद्यार्थ्यांना "आपले पाहुणे" म्हणतो.

२५ मार्चला सर्व प्राध्यापकांची सभा, गुप्त मतदान. हरलो तर माझं काही बिघडत नाही. माझी नोकरी पक्की आहे, नर्सिंगच्या पोरींना टक्केवारी शिकवायला बसवतील. जाईल तो दोमिनिक. दोमिनिक फाम, माझा एकुलता एक सहकारी. चार वर्षं झाली, अजून कायम नाही. बायको थुई मे महिन्यात बाळंत व्हायची आहे. माझ्यापेक्षा चांगला शिकवतो. हे त्याला मी कधी सांगितलेलं नाही आणि सांगणारही नाही.

संध्याकाळी माझ्या दारात उभा. "सभेत तुम्ही बोलाल ना, प्रोफेसर? तुमच्या तोंडापुढे डीन टिकत नाहीत."

म्हटलं, तोंडाचाच उपवास आहे. तो हसला. मग मी हसत नाही हे बघून थांबला.

रविवार, १८ फेब्रुवारी

रविवार उपवासात मोजत नाहीत! चाळीस दिवसांतून रविवार वगळायचे, ही जुनी सोय. आमच्या शेजारचा चार्ली केल्हर तर रविवारी सकाळी सहालाच बिअर उघडायचा.

बहिणीला फोन लावला आणि तासभर डीन. बर्निस म्हणाली, "बोल तू, मी इस्त्री करून घेते." पाच शर्ट झाले. आता सहा दिवस गप्प.

शुक्रवार, २३ फेब्रुवारी

डीन ऑफिसकडून विचारणा. प्रत्येक धड्यापुढे तो कोणतं ख्रिस्ती मूल्य शिकवतो ते लिहा. "लूप" म्हणजे तीच आज्ञा पुन्हा पुन्हा चालवणं. त्या धड्यापुढे मी लिहिलं, "चिकाटी". "एरर" पुढे "नम्रता". टोमणा नव्हता, खरंच सुचलं. पण स्वीकारलं! वर "सुंदर!" असा शेरा.

शुक्रवार, १ मार्च

उपवासातल्या शुक्रवारी मांस बंद, म्हणून कॉलेजच्या व्यायामशाळेत माशांचं जेवण. तळलेला कॉड, बटाटे, कोबी. डीन नेमके माझ्यासमोर ताट घेऊन बसले.

"लोरेटा, मला खरंच समजून घ्यायचंय. विसाव्या वर्षी एखाद्या पाहुण्यानं — विद्यार्थ्यानं — यंत्र दोन सेकंदांत करतं ते सहा तास का करावं?"

पाच उत्तरं जिभेवर आली. पाचवं इतकं सुरेख होतं की डोळ्यांत पाणी आलं. कोबी कोंबला तोंडात. डीन म्हणाले, "तुम्ही हल्ली किती ऐकून घेता!"

हे सहन होत नाही.

मंगळवार, ५ मार्च

पहिल्या वर्षाचा गृहपाठ तपासला. दर वर्षी तोच देते: कोणत्याही सालाचा ईस्टर काढा आणि त्यावरून त्या वर्षीचे सगळे सण छापा. चंद्र, सूर्य, वार, तिघांचा मेळ घालायचा. जुने मठातले लोक हे गणित मेणबत्तीच्या उजेडात करायचे, आणि त्याचं लॅटिन नाव "कॉम्प्युटुस". आपल्या डीनना वाटतं, कॉम्प्युटर कॅलिफोर्नियातल्या गॅरेजात जन्मला. अरे, तो जन्मला ईस्टर कधी यावरच्या भांडणात!

अर्धे गृहपाठ यंत्राचे. एकाची पहिलीच ओळ — "नक्कीच! ही घ्या सुधारित आवृत्ती." गधड्यानं ती ओळसुद्धा पुसली नाही. त्याला सभ्यपणे लिहिलं, "कुणाशी बोलताय?"

मारिसोल उरिबेचा तेवढा स्वतःच्या हातचा. वाकडातिकडा, पण तिचा. मात्र या वर्षाचा देवदूताच्या निरोपाचा सण तिनं छापलाय ८ एप्रिल! दोन गुण कापले. समासात लिहिलं, "देवदूत मरियेकडे २५ मार्चला आला. ख्रिसमसच्या बरोबर नऊ महिने आधी. बोटांवर मोजा."

ती आली. सतरा वेळा माफी मागत दारातूनच म्हणाली, "प्रोफेसर, मी तपासलंय ते. नियमानं तसंच येतं."

"पुन्हा तपास."

"दोनदा तपासलं."

"मग तिसऱ्यांदा."

हा टोमणा नाही. सूचना आहे.

शुक्रवार, १५ मार्च

लोकांना झालंय काय! इतिहासवाले माझ्यासाठी दार धरून उभे. इंग्रजीच्या मिल्ड्रेड ग्रेटननं चक्क माझा हात हातात घेतला. "लोरेटा, तू किती निवळलीयस गं." मागच्या वर्षी तिच्या कवितावाचनाला मी "भूल न देता केलेलं ऑपरेशन" म्हटलं होतं. तीच ही!

आणि फादर क्लीटस. या वयात त्यांना अचानक सगळ्या विभागांची कॉफी गोड लागायला लागलीय. आज जीवशास्त्राकडे, काल संगीताकडे. डॉक्टरांनी कॉफी बंद केलीय त्यांची.

दोमिनिक मात्र उतरलेला दिसतो. विचारलं, तर म्हणाला, "झोप नाही. थुईचे पाय सुजतात." डीननी त्याला दोनदा बोलावून घेतलं म्हणे. धमकावलं असणार. मी असताना काही होणार नाही, असं सांगणार होते. सांगितलं नाही.

मंगळवार, १९ मार्च

संत योसेफचा सण, आणि मला एक शोध लागला! शुक्रवारी मोठा सण आला तर मांस चालतं, असा नियम आहे. मांस चालतं तर जीभ का नाही? फादरना गाठून विचारलं. ते म्हणाले, "तू वकील व्हायला हवी होतीस." म्हणजे नाही म्हणाले नाहीत.

दुपारी जेवताना डीनची नक्कल केली. "आपले पाहुणे" — तशीच मान कलती करून. जीवशास्त्राच्या टेबलाला उचक्या लागल्या. किती बरं वाटलं! महिनाभर बूट चावावा आणि तो काढावा तसं.

रविवार, २४ मार्च

झावळ्यांचा रविवार, ईस्टरच्या आधीचा. उद्या सभा. आणि उद्या तारीख कोणती? पंचवीस! देवदूताच्या निरोपाचा सण, मोठ्यातला मोठा! देवानं माझ्या जिभेसाठी मुहूर्त काढून ठेवलाय. चार पानं लिहिलीत भाषणाची.

सोमवार, २५ मार्च

सभा. डीननी आधी रंगीत चित्रं दाखवली. एका चित्रात एक मुलगी लॅपटॉपकडे बघून हसतेय. विवेक म्हणे तो. मग प्रश्नोत्तरं. फादर क्लीटस माझ्या शेजारी. मी उठू लागले तशी त्यांनी माझी बाही धरली. अक्षरशः धरली! मी सोडवून घेतली.

आणि मग काय बोलले मी! म्हटलं, जो माणूस एकदा तरी स्वतःच्या चुकीच्या मागे सहा तास भटकलेला नाही, त्याला यंत्राची चूक दिसणार कशी? ज्याला पोहता येत नाही त्याला तुम्ही काठावर बसवून पाण्याबद्दल विवेक करायला लावताय! टाळ्या. मग मला थांबायला काय झालं होतं? नाही थांबले. मिल्ड्रेडला म्हटलं, तुझ्या कविताही यंत्राकडून घ्याव्यात, निदान त्या लवकर संपतील. हशा. तत्त्वज्ञानवाल्यांना म्हटलं, तुम्ही तीस वर्षं विवेक करताय, निष्पन्न काय झालं ते कळवा. हशा, पण जरा कमी.

मग संचालकावर आले. "या केंद्राला संचालक कसा हवा? ज्याला पगारासाठी स्वतःची विद्या विसरायला लाज वाटत नाही, असा! असं कुणी आपल्यात असेल तर हात वर करा बघू."

सगळं सभागृह हसलं. एकही हात नाही. डीन लालभडक. दोमिनिक टेबलाखाली हात घालून खाली बघत होता. वाटलं, हसू दाबतोय.

चिठ्ठ्या टाकल्या. मोजल्या.

हरलो. एका मतानं.

बाहेर गाडीतळावर फादरनी गाठलं. मी म्हटलं, निदान व्रत तरी मोडलं नाही, आज सण होता. ते म्हणाले,

"लोरेटा, हा ईस्टरआधीचा पवित्र सप्ताह आहे. यात सण येत नाही, ईस्टरनंतरच्या आठवड्यातही नाही. देवदूताला या वर्षी पुढे ढकललंय. आठ एप्रिल."

मारिसोलचंच उत्तर!

"आणि जीभ सोड म्हणालो ते तुझ्या आत्म्यासाठी नव्हतं," ते म्हणाले. "तुझा आत्मा ठीक आहे. मला जानेवारीतच कळलं होतं हे मतदान येणार. महिनाभर एकेकाची कॉफी पीत हिंडलो. मतं पुरेशी होती गं. दोन-तीन जास्तच होती. तू नुसती बसून राहायला हवी होतीस."

थंडी होती बाहेर. मी माझा मफलर दिला, तो त्यांनी घेतला नाही.

मंगळवार, २६ मार्च

वर्गात सगळ्यांसमोर मारिसोलला तिचे दोन गुण परत दिले. म्हटलं, बरोबर तू होतीस, चूक मी. आठ एप्रिलच. ती लाजून लाल झाली. "मी तिसऱ्यांदा पण तपासलं होतं," म्हणाली. मग हळूच, "प्रोफेसर, पुढच्या वर्षी आम्ही कुठला विषय घ्यायचा?"

फळा पुसत बसले. पुसलेलाच फळा.

बुधवार, २७ मार्च

मिल्ड्रेडच्या दारावर जाऊन माफी मागितली. तिनं दार उघडंच ठेवलं होतं, पण आत ये म्हणाली नाही. म्हणाली, "मी पदवीच्या बाजूनंच दिलं मत. तुझ्यासाठी नाही. त्या फामसाठी." मग तत्त्वज्ञानवाल्यांपैकीच ती दोन-तीन मतं फिरली असणार. मीच फिरवली. एका माणसाची भाकरी होती त्यात, आणि मी टाळ्या मोजत उभी होते.

दोमिनिक दोन दिवस आलेला नाही. ओळखीच्या तीन कॉलेजांना त्याच्यासाठी फोन केले. आयोवातले एक विचार करू म्हणालेत. उरलेल्यांकडे जागा नाही. मी त्याची इतकी स्तुती केली की पलीकडच्या बाईंनी विचारलं, "लोरेटा, तूच बोलतेयस ना?"

रविवार, ३१ मार्च

ईस्टर. बर्निसचा फोन आला. म्हणाली, सुटलीस बाई, बोल आता! काही बोलावंसं वाटलं नाही. तिनंच हवापाण्याचं बोलून फोन ठेवला.

मंगळवार, २ एप्रिल

दोमिनिक आला. बसला नाही. मी त्या आयोवाच्या कॉलेजाचं सांगायला सुरुवात केली, तर म्हणाला, नको.

विवेक केंद्राचा संचालक तो होणार. डीननी फेब्रुवारीतच विचारलं होतं. "नाहीच म्हणणार होतो. सभेला आलो तेव्हा मत आपल्या पदवीलाच द्यायचं होतं. तोपर्यंत ती नोकरी मला नुसती नको होती, प्रोफेसर. तिची लाज वाटत नव्हती. मे महिन्यात बाळ आहे घरात. तुम्ही हात वर करा म्हणालात आणि सगळे हसले. तिथे वर करायचं धाडस झालं नाही.

"म्हणून चिठ्ठीवर केला."