शनिवारची किल्ली

भाऊ,

रात्री रबराचे प्रेस तापते ठेवायचे, हा तुमचा नियम मी मोडला. तुम्ही असतात तर कारखान्याच्या दारात उभं राहून सांगितलं असतं आणि तुम्ही जे बोलला असतात ते ऐकून घेतलं असतं. तुम्हाला जाऊन इतकी वर्षं झाली की तुमच्या हाताखाली काम केलेली एकच बाई आता उरली आहे. तरीही तुमच्या पाठीमागे गुपचूप केलं असं व्हायला नको, म्हणून लिहिते आहे. वडिलांना पत्र लिहायची वेळ कधी आली नव्हती. गिरीज गावच्या घरातून आपण दोघं रोज एकाच वाटेनं कारखान्यात जायचो, लिहायचं काय होतं?

कारण साधं आहे. पंपाच्या ज्या कंपनीला आपण रबरी वॉशर देतो, तिनं सगळ्या पुरवठादारांना कळवलं की एक किलो मालामागे किती वीज लागते ते दाखवा आणि वर्षभरात ती कमी करा, नाहीतर आम्ही दुसरीकडे बघू. मला आधी रागच आला. आपला वॉशर गळत नाही, वेळेवर पोचतो, मग आमच्या विजेत तुम्ही का नाक खुपसता, असं मी फोनवर बोललेसुद्धा. पलीकडचा माणूस नम्रपणे म्हणाला, "मॅडम, आम्हालाही वरून विचारतात." आपले बरेचसे प्रेस त्याच कंपनीच्या मालावर चालतात. ते काम गेलं तर ते प्रेस थंड पडतील आणि त्यांच्यापुढे उभ्या राहणाऱ्या बायका घरी बसतील. त्यांतल्या अर्ध्याजणी तुमच्या वेळच्या बायकांच्या सुना आहेत.

म्हणून वीज तपासायला एकीला बोलावलं. विरारच्या एका इमारतीत राहणारी, तिशी ओलांडलेली इंजिनिअर. पायात जाड बूट आणि पाठीवर सॅक. पहिल्या दिवशी तिनं पॅनेलच्या तारांना चिमटे लावले, वीज मोजणारी एक डबी ठेवली आणि गेली. दहाएक दिवसांनी परत आली, लॅपटॉप माझ्या टेबलावर उघडला आणि आमच्या विजेच्या वापराची एक वाकडीतिकडी रेघ दाखवली.

"मॅडम, तुमची नाइट शिफ्ट असते का?"

"नाही."

"मग हा लोड कसला? बघा ना, तुमची लाइन रात्री झोपतच नाही."

"प्रेस तापते असतात. थंड प्लेटांवर रबर शिजत नाही, कच्चं राहतं. सकाळी आल्या आल्या काम सुरू व्हायला हवं."

"ओके. आणि हे? गुरुवारी संध्याकाळी लाइन डायरेक्ट खाली, शुक्रवार पूर्ण सपाट."

"शुक्रवारी आम्हाला सुट्टी."

तुम्हाला ठाऊकच आहे, शुक्रवारी वीज मिळायची नाही म्हणून ही सुट्टी पडली होती. आता शुक्रवारीही वीज असते, पण सुट्टी शुक्रवारचीच राहिली. त्या मुलीनं रेघेवर शनिवारच्या सकाळी बोट ठेवलं आणि विचारलं, "म्हणजे शनिवारी तुम्ही थंड प्रेसवरच सुरुवात करता. तेव्हा माल कच्चा निघतो?"

"नाही."

"का नाही?"

"मी पहाटे येऊन हीटर लावते."

"मग बाकीचे दिवस काय प्रॉब्लेम आहे?"

भाऊ, मी पदार्थविज्ञान घेऊन बी.एस्सी. झाले आणि इतकी वर्षं दर शनिवारी माझ्या हातानं थंड प्रेस तापवत आले. हा प्रश्न मला कधी पडला नव्हता. पहिल्या प्रेसवर तुमच्या वेळेपासून काम करणारी, खाडीकडच्या गावातली आपली बाई, जिच्यावर मी आता सगळ्या प्रेसची देखरेख सोपवली आहे, ती हातातल्या वॉशरच्या कडेचं जादा रबर कातरता कातरता म्हणाली, "अवो, शनिवारी ताईला एकटीला चाय प्यायची असते. आमी आलो की हिशेब, तक्रारी, फोन. रोज रोज पहाटे कोन येनार?" ती इंजिनिअर हसली. मी हसले नाही, पण बाई खोटं बोलली नव्हती.

तो नियम कुठून आला ते मला ठाऊक आहे. कॉलेज संपवून मी कारखान्यात आले होते आणि मला सगळं सुधारायचं होतं. एका मंगळवारी संध्याकाळी तुम्ही लवकर गेला होतात. जाताना मी सगळे हीटर बंद केले. बंद कारखान्यात लोखंड तापत ठेवायचं म्हणजे निव्वळ उधळपट्टी, असं माझं मत होतं. बुधवारी सकाळी येते तर ट्यूबलाइट नुसत्या फडफडत होत्या. त्या काळी सकाळी आपल्याकडे व्होल्टेज असं पडायचं की पंखा फिरताना त्याची पाती मोजता यायची. हीटर चालू होते, पण प्लेटा तापायचं नाव घेत नव्हत्या. साच्यातून निघणारा माल चिकट, बोट लावलं की ठसा उमटणारा. माल न्यायला आलेला टेम्पो दुपारी रिकामा परत गेला. तुम्ही सगळ्यांसमोर म्हणालात, "कॉलेजात लोखंड थंड कसं होतं ते शिकवतात वाटतं. तापतं कसं ते शिकायला इथे यावं लागतं." आवाज चढवला नव्हतात. चढवला असतात तर बरं झालं असतं.

पण त्याच आठवड्यात शनिवारी, दिवस उजाडायच्या आधी, तुम्ही मला सायकलच्या कॅरिअरवर बसवून घेऊन गेलात. गल्लीत केळीच्या पानांवरून दव टपकतंय, वाटेतलं रेल्वेचं फाटक बंद म्हणून आपण थांबलोय. कारखान्यात आल्यावर तुम्ही हीटर लावले आणि पेल्यातल्या पाण्यात बोट बुडवून एक थेंब प्लेटेवर टाकलात. "बघ. नुसता बसून राहिला तर वाट बघ. चर्र करून उडाला तर साचा ठेव." आपण दोघं थेंब टाकत बसलो. एवढा वेळ तुम्ही माझ्याबरोबर एकट्यानं कधी बसला नव्हतात. नंतर पुढच्या पावसाळ्यात तुमचे गुडघे धरले तेव्हा शटरची किल्ली माझ्या हातात देऊन म्हणालात, "शनिवार आता तुझा." तुम्ही मला काही द्यायची पद्धत आपल्या घरात नव्हती. साडी आई आणायची, पुस्तकं मामा. तुम्ही दिलेलं ते एवढंच.

तेव्हा तुमचा नियम बरोबरच होता. कमी व्होल्टेजवर थंड प्लेट तापायची नाही, पण तापलेली प्लेट निदान तापलेली राहायची. तुम्ही रात्रीची वीज जाळून सकाळ विकत घेत होतात. पुढे इकडे नवं सबस्टेशन झालं, व्होल्टेज नीट झालं, हातानं दाबायचे प्रेस जाऊन पंपावर चालणारे आले, टायपरायटर गेला, तुम्हीही गेलात. नियम मात्र राहिला. त्याची कारणं संपली आहेत का, हे बघायची जबाबदारी माझी होती. तुमची नव्हती.

त्या इंजिनिअरनं सुचवलेलं फार अवघड नव्हतं. प्रेसला टायमर लावायचे, म्हणजे माणूस यायच्या आधी हीटर आपोआप लागतील. आणि प्लेटांच्या उघड्या कडांना काचलोकरीची जाकिटं घालायची, कारण तिथून उष्णता दिवसभर नुसती हवेत जाते. जाकिटं बघितल्यावर मला आई आठवली. ती चुलीवर भाताला एक कढ आणायची, पातेलं उतरवून जुन्या गोधडीत गुंडाळायची आणि कोपऱ्यात ठेवून द्यायची. तुम्ही कधीही या, भात वाफाळलेला. तुम्ही रोज तो भात खाल्लात आणि एकदाही विचारलं नाहीत की चूल विझलेली असताना हा गरम कसा. एकदा आई मला म्हणाली होती, "त्यांना सांग, कारखान्याला पण गोधडी शिवून देते." मी ते तुम्हाला सांगितलं नव्हतं. आता सांगितलं.

सोमवारी संध्याकाळी पहिल्यांदा हीटर रात्रीसाठी बंद केले. मंगळवारी टायमरनं लावले. आठ वाजता बायका आल्या, साचे भरले, पहिला घाणा निघाला. सगळं ठीक. मग बाईनं शेवटच्या प्रेसवरचा वॉशर उचलला, अंगठ्याचं नख दाबलं आणि माझ्यापुढे धरला. नखाची खूण तशीच राहिली होती.

"ताई, ह्यो कच्चा काढतोय."

"बाकीचे?"

"बाकीचे बरे हायेत. पन गाडी दुपारी येनार."

सगळ्या माझ्याकडे बघत होत्या. तो बुधवार माझ्या डोळ्यांपुढे उभा राहिला, अगदी फडफडणाऱ्या ट्यूबलाइटसकट. बाई तेव्हाही तिथेच होती, विशीतली. ती हळूच म्हणाली, "आजच्या दिस जुनं ते करू या. रात्री चालू ठेवू. पंपवाल्याला काय कळतंय?" तिचं म्हणणं चुकीचं नव्हतं. गाडी रिकामी गेली असती तर कंपनीनं विजेचं विचारलंच नसतं, सरळ काम काढून घेतलं असतं. मी म्हटलं, "शेवटचा प्रेस बंद कर. त्याचे साचे बाकीच्यांवर वाटून दे. आणि इलेक्ट्रिशियनला बोलाव."

इलेक्ट्रिशियननं मागचं झाकण काढलं. त्या प्रेसच्या हीटर रॉडपैकी निम्मे जळून गेलेले होते. कधी, कोणास ठाऊक. रात्रभर वेळ मिळायचा म्हणून उरलेले रॉड धापा टाकत का होईना, सकाळपर्यंत प्लेट तापवून द्यायचे आणि आम्हाला वाटायचं प्रेस धडधाकट आहे. भाऊ, हे मात्र तुम्हाला आवडलं असतं. आजारी माणसाला सगळ्यांच्या आधी उठवून उभं केलं की तो आजारी दिसत नाही, तसं झालं होतं. प्रेस रात्रभर चालू ठेवून मी पैसे जाळत होते, हे मला इंजिनिअरनं सांगितलं. त्याबरोबर मी त्याचं दुखणंही झाकत होते, हे त्या कच्च्या वॉशरनं सांगितलं.

गाडी आली तेव्हा बाई शेवटचं खोकं भरत होती. जेवायची सुट्टी कोणी घेतली नव्हती, मी घ्यायला सांगूनही. ड्रायव्हरला थोडं थांबावं लागलं. बाईनं त्याला चहा दिला आणि म्हणाली, "बस जरा. आमच्या प्रेसचं आपरेशन झालंय." दुसऱ्या दिवशी नवे रॉड बसले. गुरुवारी सकाळी शेवटच्या प्रेसवरचा पहिला वॉशर तिनं नखानं दाबला, खूण पुसली गेली, आणि तो तिनं माझ्या टेबलावर आणून ठेवला. इंजिनिअरनं नवी रेघ पाठवली आहे. ती रात्री आता खाली जाते आणि पहाटे उठते. कंपनीला तीच पाठवली. काम तूर्त राहिलं आहे.

आज शनिवार. आता शनिवारीसुद्धा हीटर टायमर लावतो, पहाटे कोणी यायची गरज नाही. मी गेले होते. शटर उघडलं, लाइट न लावता तुमच्या स्टुलावर बसले. ठरल्या वेळी पॅनेलमध्ये खट् असा आवाज झाला आणि सगळे हीटर लागले. मी हात लावला नव्हता. पाणी घेऊन थेंब टाकावा असं वाटलं, पण भिंतीवरच्या डब्यावर तापमानाचे आकडे दिसतच होते. आठला बाई आली. मला बघून दारातच थांबली.

"ताई, मशीन येतंय की पहाटेचं कामावर. तुमी कशाला?"

"बघायला."

"काय बघायला? त्याला चाय लागत न्हाय."

मग मी तिला आत बोलावलं आणि किल्ली दिली. शटर यापुढे रोज तीच उघडेल, शनिवारीही. तिनं ती पदराला बांधली नाही, पर्समध्ये ठेवली, चेन लावली आणि कामाला गेली.

हे पत्र कुठे टाकायचं नाहीच. टायमरबरोबर आलेल्या माहितीपुस्तिकेत घालून पॅनेलच्या कप्प्यात ठेवते. ती पुस्तिका आमच्याकडे कोणी उघडणार नाही.

आज दिलं ते असं. शटरची किल्ली, एक, तुमच्या जुन्या सायकलच्या किल्लीच्या कडीसकट. पहिल्या प्रेसवरचा थेंबांच्या पाण्याचा पेला, तो तिनं मागितला म्हणून. स्टूल दिलं नाही. आणि किल्ली देण्याआधी, काल शुक्रवारी, स्टेशनबाहेरच्या किल्लीवाल्याकडून तिच्यासारखी दुसरी करून घेतली. ती माझ्याकडे आहे. बाईला सांगितलेलं नाही.