आरशातले देवदूत

आउग्सबुर्ग, नाताळाआधीचा आठवडा

प्रिय आई,

देवाच्या कृपेने मी ठणठणीत आहे. तू विणलेले मोजे रोज घालतो. खानावळीतलं बार्लीचं सूपही आता गोड लागतं.

बाबांनी काढून दिलेली छताची नक्षी मी तांब्याच्या पत्र्यावर कोरतोय. छापताना सगळं उलटं उमटतं, म्हणून चित्र आरशासमोर ठेवायचं आणि आरशात बघून कोरायचं. कोपऱ्यांतल्या बाळदेवदूतांना बाबांनी आपल्या धाकट्या फाइटचा आणि आफ्राचाच चेहरा दिलाय. चित्र काढून होईपर्यंत पोरं कुठली गप्प बसली असतील त्यांच्यासमोर!

सोमवारी आरशात फाइटचे डोळे मिटलेले दिसले. कागदावर मात्र टक्क उघडे. कार्यशाळेच्या मालकांना दाखवलं तर म्हणाले, “झोपला असेल तो! तू जागा राहा म्हणजे झालं.” सगळे खो खो हसले. मीही हसलो.

फाइटचा खोकला कसा आहे? मागच्या पत्रात तू त्याच्याबद्दल काहीच लिहिलं नाहीस.

आज सकाळी आफ्राच्याही पापण्या मिटल्या. मी घाईने आरशावर कापड टाकलं. मग लक्षात आलं, आपल्याकडे घरात कोणी गेलं की असंच टाकतात. आता ते काढायला हात धजत नाही.

दोघांना हाक मार, आई. उठले की लगेच लिही.

तुझाच,
कोर्बिनियन