कंपनीच्या फाटकाचा दांडा

ता. ४, गुरु.
कं.च्या फाटकाचा लोखंडी दांडा गाडीवर पडला. आत शिरतच होतो. समोरची काच गेली, बॉनेट चेपलं. मी वाचलो. वॉचमन खरात पळत आला. "हूक झिजलाय म्हणून कितींदा सांगितलं यांना!" डोक्याला हात लावून खालीच बसला. गाडी कर्जाची, कं.ला भाड्यानं लावलेली. चालली नाही तर बँक ओढून नेईल.

ता. ५
वाळूजच्या कं.तून गारखेड्याला घरी तशीच बिनकाचेची आणली, धूळ खात. जो तो विचारतो, "कुठं बसला दगड?" विद्यापीठाच्या नामांतरावरून रोज कुठं ना कुठं दगडफेक. दांडा पडला म्हणलं तर हसतात. शेवटी सांगणंच सोडलं. गॅरेजवाल्यानं आकडा सांगितला. जाऊ दे, लिहीत नाही.

ता. ८
भरपाई मागायला कं.त. मॅनेजरनं दुपारपर्यंत बाहेर बसवलं. तोवर फाटक बघून आलो. नवा हूक, वर पिवळा रंग, अजून ओला. मॅ. म्हणतो, "आमच्या फाटकात काहीच दोष नव्हता." वा रे वा!

ता. १२
परत हेलपाटा. आज चहा, गोड बोलणं. "वॉचमननं मुद्दाम दांडा सोडला असं लिहून द्या. त्याला काढतो, तुमचं बिल पास करतो. तो कुठल्या वस्तीतला, माहितीय तुम्हाला. सध्याच्या वातावरणात कुणालाबी पटेल."
चहा अर्धा टाकून उठलो. पण नाही म्हणालो नाही. लाज वाटली स्वतःची.

ता. १४
कन्नडहून दादा आला. सगळं ऐकून म्हणतो, "बबन्या, दे की लिहून! तुझ्या बापाचं काय जातं?" म्हणलं, बाप आपला एकच हाय. हसला नाही. बायको, गया, भाकरी थापता थापता म्हणाली, "मग हप्ता कोण भरनार, खरात?"

ता. १५
हर्सूलला खरातच्या घरी. वाटलं रडेल, पाया पडेल. नाय. "माझ्या हातून चुकून सुटला, असं लिहा भाऊ. नोकरी गेली तर जाऊ द्या. फक्त मुद्दाम लिहू नका. पोलीस आमची पोरं उचलायलेत सध्या, मलाबी नेतील."
अरे, त्यानं दांड्याला हातसुद्धा लावला नव्हता! चूक तरी कशाला घ्यावी अंगावर? लई राग आला, कुणाचा ते कळंना. बरं म्हणलं, मुद्दाम नाही लिहीत. त्याच्या बायकोनं पाणी दिलं, ते प्यालो न् निघालो.

ता. १६
मॅ.ला विचारलं, चुकून लिहिलं तर? "चूक म्हणजे कंपनीवर येतं. मुद्दामच पाहिजे. उद्या दहाला या, सही करून चेक घेऊन जा."
दमलो आता. बस नाही, वाळूज नाक्यापर्यंत चालत आलो.
गयानं शर्टाला इस्त्री करून ठेवलीय. "करताव ना सही?" खरातला बरं म्हणलं होतं, तिलाबी हो म्हणलं.