पंधरा बिटं आणि एक वाकडं दार

तुमसर,
कोजागरीनंतरचा रविवार

आदरणीय परसरामजी (मु. बपेरा) यांना केवळरामचा साष्टांग नमस्कार. (साष्टांग कागदावरच. सध्या कंबर वाकत नाही, कारण पुढे येईल.)

तुमच्या गुडघ्याचं कसं काय? धान कापणीला आला असेल. इकडे तुमची बहीण देवका बरी आहे, मीही तसा बराच. फोन तुम्ही उचलत नाही, म्हणून पत्र. मागच्या भाऊबीजेला मी भर पंगतीत बोललो, की तुम्ही बसवून दिलेलं स्वयंपाकघराचं दार एक बोट वाकडं आहे आणि असलं काम कोणीही करेल. तुम्ही म्हणाले, "मंग तुम्हीच करून पाहा, जवाईबुवा," आणि भरलं ताट सोडून उठले. त्याला वर्ष होत आलं. तर मी करून पाहिलं. भांड्यांचं कपाट, येत्या भाऊबीजेच्या आत, सुताराशिवाय, असं अख्ख्या मोहल्ल्यात सांगून बसलो.

लाकडात खाच पाडायचं राउटर मशीन आणलं. त्याच्या तोंडात बसवायची पाती, म्हणजे बिटं, वेगळी घ्यावी लागतात (हे मशीन घरी आल्यावर कळलं). हार्डवेअरवाला कमलेश म्हणाला, "काका, खाचेले एक सरळ बिट, कडा गोल कराले एक. दोन बस झाले. बाकीचे कायले पाहिजेत?" आता मी तीस वर्षं राइस मिलमध्ये काढलेला माणूस. मूठभर नमुना पाहून पोतं घेणारे कसे फसतात, हे रोज पाहिलेलं. मी पंधरा बिटांची पेटीच उचलली. एक भोवऱ्यासारखं, एक कणसासारखं, आणि एक असं, की ते काय कामाचं हे कमलेशलाही सांगता आलं नाही. ते मला सर्वांत जास्त आवडलं.

पेटी आली दसऱ्याच्या आदल्या दिवशी. हत्यारं घरात आली म्हणजे पूजा आलीच. देवकानं पंधराही बिटं धुतली, प्रत्येकाला गोडेतेल चोपडलं, कुंकू लावलं, झेंडू वाहिला. (तुमच्या घरची रीत, मी काय बोलणार?) दुसऱ्या दिवशी मी सरळ बिट तेलासकट मशीनमध्ये आवळलं. पूजेचं तेल पुसावं कसं? पण बाप्पा, तेलकट दांडी मशीनच्या चिमट्यात टिकते का? बिट हळूहळू खाली सरकत गेलं. खाच या टोकाला पाव इंच, मधात अर्धा, आणि त्या टोकाला फळी आरपार. फळीखाली होता तुम्ही बहिणीला आंदणात दिलेला सागवानी दिवाण. त्यावरच दिवसभर वाकून मी काम करत होतो (कंबर धरली ती तिथेच). त्याला वीतभर चरी पडली. देवका आली, पाहिलं, चरीवर सतरंजी टाकली आणि भात लावायला निघून गेली. परसरामजी, ती ओरडली असती तर बरं वाटलं असतं. मला फार वाईट वाटलं.

त्यानंतर बिटं पुसून घेतली आणि काम नीट झालं. कपाट उभं आहे. (भिंतीला टेकवून.) तुमच्यावाचून काही अडलं नाही, एवढंच कळवायचं होतं. वहिनींना नमस्कार.

आपला,
केवळराम

ता. क. कपाटाला दारं नाहीत. ती मला जमत नाहीत. पंधरापैकी दोनच बिटं कामी आली, कमलेशनं सांगितली तीच.

आणखी ता. क. कपाटासाठी काटकोन तपासायचा गुण्या आणला होता, तो सहज तुमच्या दारालाही लावून पाहिला. दार सरळ आहे. भिंत वाकडी आहे. भिंत मी उभं राहून बांधून घेतली होती.

शेवटचं. हे पत्र लिहून राहिलो ते देवकाला माहीत नाही. मागच्या वर्षी तुम्ही सोडून उठलेलं ताट तिनं घासून वेगळं ठेवलं आहे, त्यात अजून दुसऱ्या कोणाला वाढलं नाही. ओवाळणीसाठी मी नवा पाट केला आहे, कडा गोल केल्या आहेत. जरा डुगडुगतो. जपून बसा.